धातूच्या मुखवट्याआडचा माणूस

१९९७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’त एक तरुण अधूनमधून येऊ लागला. कवींचा आणि रॅप गायकांचा हा जुना अड्डा. खुल्या बैठकीच्या रात्री ज्याला काही म्हणायचे असेल त्याने मंचावर जावे, माइक हातात घ्यावा आणि म्हणावे, अशी तिथली रीत. हा तरुण मंचावर येई तेव्हा त्याने बायकांचा पातळ लांब मोजा डोक्यावरून खाली ओढून घेतलेला असे. नाक चपटे झालेले, ओठ दबलेले. बँक लुटायला निघालेला चोरच जणू! पाहणाऱ्याला हसू यावे असाच तो अवतार होता. पण तो बोलू लागला की हा कुणी नवशिक्या नव्हे, हे जाणकार कानांना कळत असे.

तो नवशिका नव्हताच. सहा वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, ‘इलेक्ट्रा’सारख्या बड्या अमेरिकी कंपनीने त्याची ध्वनिमुद्रिका काढली होती. तेव्हा त्याचा चेहरा उघडा होता, नाव निराळे होते, आणि मुख्य म्हणजे शेजारी धाकटा भाऊ उभा होता.

या माणसाचे खरे नाव डॅनियल डुमिले. पुढे जगाने त्याला ओळखले ते ‘एम. एफ. डूम’ या नावाने. रोमन लिपीत हे नाव मोठ्या अक्षरांतच लिहायचे, असा त्याचा हट्ट होता. त्या हट्टावर त्याने एक गाणेही करून टाकले!

रॅप म्हटले की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आजही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ना सूर, ना ताना. नुसती बडबड, असा एक समज आहे. शिवाय गळ्यात जाड साखळ्या, महागड्या मोटारी आणि तोंडी शिव्या हे चित्रही दूरदेशीहून आपल्यापर्यंत पोहोचलेले. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? डूमच्या गाण्यांतही दारू आहे, चावटपणा आहे, चारचौघांत ऐकू नये असे शब्द आहेत. पण गायकाचा चेहरा, त्याचा रुबाब आणि त्याची श्रीमंती यांवर चालणाऱ्या या धंद्यात एक माणूस चेहराच काढून घेतो आणि वीस-पंचवीस वर्षे टिकतो, ही गोष्ट नवलाची खरी. त्याने असे का केले, आणि त्याची किंमत काय मोजली, हे समजून घ्यायचे तर त्या दोन भावांपासून सुरुवात करायला हवी.

दोघे भाऊ

डॅनियलचा जन्म १३ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील झिंबाब्वेचे, आई त्रिनिदादची. तो लहान असतानाच हे कुटुंब अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, लाँग बीच या समुद्रकाठच्या गावात राहू लागले. डिंगिलिझ्वे हा त्याचा दोनेक वर्षांनी धाकटा भाऊ. पुढे तो ‘सबरॉक’ या नावाने तबकड्या फिरवू लागला आणि ठेके रचू लागला. डॅनियलने ‘झेव्ह लव्ह एक्स’ हे नाव घेतले. १९८८ मध्ये या भावांनी एका मित्राला बरोबर घेऊन ‘के. एम. डी.’ हा गट काढला. वय किती, तर थोरला सतराचा, धाकटा पंधराचा!

१९८९ मध्ये ‘थर्ड बेस’ या गटाच्या ‘द गॅस फेस’ या गाण्यात झेव्ह लव्ह एक्सला एक कडवे मिळाले. त्यातून इलेक्ट्राचा करार झाला आणि १९९१ मध्ये ‘मिस्टर हूड’ हा अल्बम आला. त्यातली कल्पना मोठी खट्याळ आहे. परकी भाषा शिकवणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिका असतात ना, ‘नमस्कार, आपण कसे आहात?’ छापाच्या, त्यांतले शिष्ट संवाद कापून घेऊन या पोरांनी ‘मिस्टर हूड’ नावाचे पात्र उभे केले आणि त्याच्याशी गप्पा मारल्या. वरवर पाहता सारा पोरखेळ. पण खाली एक जळजळीत मुद्दा होता. गोऱ्या समाजाने जुन्या चित्रांत, पुस्तकांत, जाहिरातींत काळ्या माणसाचे जे जाड ओठांचे, बटबटीत डोळ्यांचे हास्यास्पद सोंग रंगवले, ते ‘सँबो’ नावाने ओळखले जाई. के. एम. डी.ने आपले बोधचिन्हच मुळी त्या सोंगावर काट मारलेले केले. आमचा चेहरा दुसऱ्या कुणी रंगवायचा नाही, हे ते पोरवयातच सांगत होते. चेहऱ्याचा प्रश्न या माणसाच्या आयुष्यात असा पहिल्यापासून आहे.

दुसऱ्या अल्बमचे काम १९९३ मध्ये संपत आले होते. २३ एप्रिलला लाँग आयलंडवरचा एक हमरस्ता ओलांडताना सबरॉकला मोटारीची धडक बसली आणि तो गेला. वय १९.

थोरल्या भावाने उरलेले काम एकट्याने पुरे केले. ज्या ठेक्यांवर धाकट्याचा हात फिरलेला, ज्या गाण्यांत त्याचा आवाज भरलेला, तीच गाणी स्टुडिओत बसून पुन्हा पुन्हा ऐकायची, कापायची, जुळवायची. घरात मृत्यू झाला की माणसे गेलेल्याचे कपडे बरेच दिवस कपाटातून काढत नाहीत. इथे तर त्याचा आवाजच रोज उघडून बसायचे होते.

मुखपृष्ठासाठी डॅनियलने स्वतः चित्र काढले: सँबोच्या त्या सोंगाला फाशी दिली आहे. अर्थ उघड होता. फाशी माणसाला नव्हे, त्या सोंगाला आहे. पण दोनच वर्षांपूर्वी, १९९२ मध्ये, आइस-टी या गायकाच्या पोलिसांवरील गाण्याने अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता आणि वॉर्नर उद्योगसमूहातल्या कंपन्या धास्तावलेल्या होत्या. इलेक्ट्रा त्यातलीच. एका व्यापारी नियतकालिकातून या चित्रावर टीका झाली आणि १९९४ च्या वसंतात, अल्बम बाजारात येण्याच्या बेतात असताना, कंपनीने तो रद्द केला. करारही संपवला. चित्र बदलून प्रश्न सुटला असता की नाही, यावर आजही वाद घालता येईल. एवढे मात्र खरे की वर्षभराच्या आत भाऊ गेला, भावाचे शेवटचे काम गेले आणि पोटापाण्याचा व्यवसायही गेला.

पुढची तीन-चार वर्षे डॅनियल डुमिले दिसेनासा झाला. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत होतो, बाकांवर झोपत होतो, जवळजवळ बेघरच होतो, असे त्याने नंतर सांगितले. नंतर तो अटलांटा शहरात जाऊन राहिला. आणि मग तो मोजा डोक्यावर ओढून परत आला.

खलनायक अवतरतो

मोज्याच्या जागी लवकरच धातूचा मुखवटा आला. त्याची प्रेरणा ‘फँटॅस्टिक फोर’ या अमेरिकी चित्रकथेतील डॉक्टर डूम हा खलनायक. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेला. बुद्धीने अचाट, चेहऱ्याने विद्रूप झालेला आणि म्हणून लोखंडी मुखवट्याआड राहणारा. डुमिले या आडनावावरून पोरांनी लहानपणीच त्याला ‘डूम’ म्हणायला सुरुवात केली होती, तेव्हा नाव घरचेच होते. ‘एम. एफ.’ म्हणजे गाताना ‘मेटल फेस’, धातूचा चेहरा; आणि ठेके रचताना ‘मेटल फिंगर्स’, धातूची बोटे.

१९९९ मध्ये बॉबिटो गार्सिया याच्या ‘फाँडल एम’ या छोट्याशा कंपनीने त्याचा ‘ऑपरेशन: डूम्सडे’ हा अल्बम काढला. त्यात जुन्या चित्रकथा-मालिकेतले संवाद आहेत, शाडे या गायिकेच्या आणि क्विन्सी जोन्सच्या गुळगुळीत गाण्यांचे तुकडे आहेत आणि त्यांवर एक खरबरीत, झोपेतून उठल्यासारखा आवाज आहे. झेव्ह लव्ह एक्सचा कोवळा, उड्या मारणारा आवाज ज्यांनी ऐकला होता त्यांना हा तोच माणूस आहे हे सांगूनही खरे वाटू नये. गाण्यातला खलनायक सूड घ्यायला परत आला आहे. पण याच अल्बममध्ये, केवळ प्रश्नचिन्ह हेच ज्याचे शीर्षक आहे अशा एका गाण्याच्या शेवटी तो गेलेल्या भावाशी बोलतो. तुझा फोटो मी जपून ठेवला आहे, अशा आशयाचे. तेवढ्यापुरता खलनायक बाजूला होतो.

मुखवट्याबद्दल तो मुलाखतींतून एकच गोष्ट सांगे: लोक गायकाच्या रूपाकडे बघतात, मला त्यांनी गाणे ऐकायला हवे आहे. हे कारण खरे आहे, पण पुरते नाही असे वाटते. ज्या चेहऱ्याने भाऊ गमावला, ज्या नावावर कंपनीने फुली मारली, तो चेहरा आणि ते नाव घेऊन पुन्हा त्याच बाजारात उभे राहणे त्याला जमले नसावे. म्हणून त्याने तिसराच एक माणूस जन्माला घातला आणि त्याला बोलायला लावले. त्याच्या गाण्यांत ‘मी’पेक्षा ‘तो’ अधिक येतो. ‘तो खलनायक असे म्हणाला, त्याने तसे केले’ अशी ती भाषा. स्वतःचीच गोष्ट तो शेजारच्याची असल्यासारखी सांगतो.

आता त्याच्या कारागिरीविषयी. साध्या रॅपमध्ये दोन ओळींच्या शेवटी यमक जुळले की काम भागते. पाणी-राणी, माळ-टाळ असे. डूमचे त्यावर भागत नसे. मराठीतच उदाहरण द्यायचे तर त्याला ‘माळावरती’ला ‘गाळावरती’, मग ‘काळावरती’, मग ‘भाळावरती’ अशी अख्खी पाच-पाच अक्षरांची माळ हवी. तीही फक्त ओळीच्या शेवटी नव्हे, तर पोटात, सुरुवातीला, मिळेल त्या फटीत. आणि एवढे करून ऐकणाऱ्याला मेहनत दिसता कामा नये. तो ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, वाक्य मधेच मोडतो. ज्या शब्दावर यमक पडणार असे आपण धरून चालतो तिथे मुद्दाम भलताच शब्द टाकून पुढे निघून जातो. कोपऱ्यावर गप्पा छाटणाऱ्या एखाद्या काकांसारखा सूर, आणि त्या गप्पांत दर दोन वाक्यांनी कोटी. धृपद त्याला फारसे आवडत नसे. पाल्हाळ तर नाहीच.

याचा कळस म्हणजे २००४ च्या मार्चमध्ये आलेला ‘मॅडव्हिलनी’. मॅडलिब हा कॅलिफोर्नियाचा ठेके रचणारा कलावंत आणि डूम यांनी मिळून केलेला. २२ तुकडे, आणि सारे मिळून पाऊण तासाच्या आसपास. कित्येक गाणी दोन मिनिटांतच संपतात. यातले काही ठेके मॅडलिबने २००२ मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना, हॉटेलच्या खोलीत, हाताशी मावेल एवढ्याच यंत्रांवर रचले. त्याच दौऱ्यात कच्च्या ध्वनिमुद्रणाची प्रत चोरीला गेली आणि अल्बम निघण्याच्या वर्षभर आधीच गाणी इंटरनेटवर फुटली. दोघेही वैतागले आणि काम सोडून आपापल्या दुसऱ्या उद्योगांना लागले. पुन्हा एकत्र आले तेव्हा डूमने आपली कडवी नव्याने, आणखी संथ आणि खालच्या आवाजात म्हटली. आज ऐकताना तो संथपणाच या अल्बमचा प्राण वाटतो. चोराचे उपकारच म्हणायचे! (या मॅडलिबचे आणि आपले एक नाते आहे. २००७ मध्ये त्याने हिंदी चित्रपट संगीताच्या जुन्या तबकड्यांतले तुकडे घेऊन ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा अल्बम केला.)

एक मुखवटा डूमला पुरेना. २००३ मध्ये तो ‘किंग गिडोरा’ झाला, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी चित्रपटांतला तीन तोंडांचा राक्षस. त्याच वर्षी ‘व्हिक्टर व्हॉन’ नावाचा एक उनाड तरुणही झाला. गंमत म्हणजे ‘मॅडव्हिलनी’तल्या एका गाण्यात हा व्हिक्टर आपल्या प्रेयसीवर चिडला आहे, कारण ती म्हणे त्या मुखवटेवाल्या डूमच्या नादी लागली. म्हणजे एकाच माणसाने स्वतःचीच प्रेयसी स्वतःकडून पळवून नेली आणि वर स्वतःलाच शिव्या घातल्या! दुहेरी भूमिकांचे चित्रपट पाहून वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला याची मजा सांगायला नको.

त्याच्या विनोदाला स्वयंपाकघराचेही वेड होते. नुसत्या ठेक्यांच्या ‘स्पेशल हर्ब्ज’ या मालिकेत त्याने रचनांना मसाल्यांची आणि वनस्पतींची नावे दिली: केशर, मेथी, कोथिंबीर. मिसळणाच्या डब्यासमोर बसून कुणी संगीत लिहावे तसे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या अल्बमचे नाव ‘एमएम.. फूड’. रोमन लिपीत त्याच्या स्वतःच्या नावाची अक्षरे फिरवली की हे नाव तयार होते. गाण्यांची शीर्षके सारी खाण्यापिण्याची. पण पोटभर हसवत असताना तो मधेच ‘डीप फ्राइड फ्रेंड्स’ म्हणतो, आणि कळते की बोलणे तळणीचे नव्हे, दगा देणाऱ्या मित्रांचे चालले आहे.

मुखवट्याची किंमत

एकदा चेहरा नाही असे ठरले की मुखवट्यामागे कोण आहे हे कुणी ठरवायचे? २००७ च्या सुमारास आणि नंतरही काही कार्यक्रमांत लोकांना संशय आला. अंगाने बारीक, हालचाली वेगळ्या, आवाज ध्वनिफितीवरचा. डूमने आपल्या जागी दुसऱ्याच कुणाला मुखवटा घालून पाठवले होते! लोक संतापले, आरडाओरडा झाला. त्याचे म्हणणे असे की मी लेखक आहे, दिग्दर्शक आहे. माझ्या पात्राचे काम कुणाला द्यायचे हे मी ठरवणार.

युक्तिवाद ऐकायला छान आहे, आणि त्याच्या कलेच्या तर्काला धरूनही आहे. पण पदरचे पैसे मोडून, रात्री दूरवरून आलेल्या श्रोत्याने हा तर्क का मानावा? तो पात्राला भेटायला आला नव्हता. ते कडवे ज्याच्या डोक्यातून निघाले त्या माणसाला भेटायला आला होता. रूप बघू नका, शब्द ऐका, असे सांगणाऱ्याने शब्दही दुसऱ्याच्या तोंडी द्यावेत, ही खलनायकी थोडी जास्तच झाली.

मुखवटा जिथे चालत नाही अशीही जागा असते. २०१० मध्ये युरोपचा दौरा संपवून तो अमेरिकेत परतू लागला तेव्हा त्याला प्रवेश नाकारण्यात आला. आईवडिलांबरोबर लहानपणी आलेल्या या माणसाने अमेरिकेचे नागरिकत्व कधी घेतलेलेच नव्हते. कागदोपत्री तो ब्रिटनचा. ज्या देशाच्या रस्त्यांवर तो वाढला, झोपला, गायला, त्या देशाचे दार बंद झाले. बायको आणि मुले तिकडे, तो लंडनमध्ये. सुमारे दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, कुटुंब त्याच्याकडे आले. त्याच वर्षी जनीरो जरेल या सहकाऱ्याबरोबर त्याने ‘की टू द कफ्स’ हा अल्बम काढला. त्यात लंडनची बोली आहे, तिथली हवा आहे आणि घर सुटल्याची चुटपूटही आहे. तोंडाने मात्र तो म्हणत राहिला की अमेरिकेशी माझे काम संपले.

२०१४ मध्ये त्याने एका विशीही न गाठलेल्या न्यूयॉर्कच्या मुलाबरोबर अल्बम केला. मुलाचे गाण्यातले नाव ‘बिशप नेहरू’. हे नेहरू म्हणजे आपलेच पंडित जवाहरलाल. त्यांच्या नावावरून त्याने ते घेतले आहे. अल्बमचे नाव ‘नेहरूव्हियन डूम’. ठेके बहुतेक डूमचे, शब्द बहुतेक पोराचे. थोरल्याने मागे राहून धाकट्याला पुढे करावे तसे ते वाटते. सतरा वर्षांचा असताना त्याला स्वतःला धाकट्या भावाची साथ होती, हे आठवल्यावाचून राहत नाही.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा १४ वर्षांचा मुलगा गेला. ही बातमी त्याने स्वतः चाहत्यांना सांगितली. खाजगी आयुष्याविषयी अवाक्षर न काढणाऱ्या माणसाने तेवढे एक उघड केले.

नंतर काही गाण्यांत तो पाहुणा म्हणून येत राहिला. नव्या अल्बमच्या गोष्टी होत राहिल्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी, सारे जग त्या भयंकर वर्षाला निरोप द्यायला बसले असताना, त्याच्या पत्नीने समाजमाध्यमावर कळवले की डॅनियल ३१ ऑक्टोबरलाच गेला. म्हणजे दोन महिने कुणाला पत्ता नव्हता. या काळातही त्याची गाणी वाजत होती, लोक नव्या गाण्यांची वाट बघत होते. २०२३ मध्ये इंग्लंडात झालेल्या चौकशीतून बाकीचे कळले: रक्तदाबासाठी नव्याने सुरू केलेल्या औषधाची क्वचित होणारी प्रतिक्रिया, सूज येऊन कोंडलेला श्वास, लीड्स शहरातील रुग्णालय. वय ४९. खलनायकाचे मरण चित्रकथेत किती गाजावाजाचे असते! इथे घरोघरी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांसारखी एक गोळी होती.

इलेक्ट्राने रद्द केलेला तो दुसरा अल्बम दुसऱ्या एका छोट्या कंपनीकडून २००० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. सबरॉकला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

दोघे भाऊ जिथे वाढले त्या लाँग बीचमध्ये २०२१ साली एका रस्त्याला नवे नाव दिले गेले: ‘के. एम. डी.–एम. एफ. डूम वे’. पाटीवर आधी भावांच्या गटाचे नाव आहे, मुखवट्याचे त्यानंतर.